खिशांतलें अभय

मनुष्य भ्याला म्हणजे त्याच्या भीतीचा व्यापार करणारे लोक लवकरच त्याच्या दाराशीं येऊन उभे राहतात, हा जुना अनुभव आहे. परंतु हा व्यापार खुद्द सरकारी कारखान्यानें मांडावा, असा प्रकार आमच्या देशांत २०१४ च्या जानेवारींत घडला. कानपूरच्या सरकारी शस्त्रकारखान्यानें त्या महिन्यांत खास स्त्रियांकरितां म्हणून एक लहानसें रिव्हॉल्व्हर विक्रीस आणलें. त्याचें वजन अर्धा किलो, किंमत १ लाख २२ हजार रुपयांच्या वर, आणि तें ठेवावयास दागिन्यांच्या डब्यासारखी किरमिजी पेटी. नांव 'निर्भीक'! १६ डिसेंबर २०१२ रोजीं दिल्लींत चालत्या बसमध्यें जिच्यावर अमानुष अत्याचार झाला, त्या तरुणीस लोकांनीं दिलेल्या 'निर्भया' या नांवाचा हा प्रतिध्वनि होता, हें कोणासहि कळण्याजोगें आहे. जिचें रक्षण आपल्या हातून झालें नाहीं तिच्या नांवाची छाया विक्रीच्या मालावर पाडावी, आणि त्यास स्त्रीदाक्षिण्य म्हणावें, हें आम्हांस तरी विपरीत वाटतें.

आमचा वाद मात्र या एका हत्याराशीं नाहीं. प्रत्येक सभ्य मनुष्यानें घड्याळ किंवा छत्री घ्यावी तद्वत् खिशांत एक लहान रिव्हॉल्व्हर व सोबत थोडीं जादा काडतुसें घेऊनच घराबाहेर पडावें, हें जें मत अलीकडे आमच्याकडील कांहीं सुशिक्षितांच्या तोंडीं ऐकूं येतें, त्या मताशीं आमचा वाद आहे. हें मत अमेरिकेंतून आलेलें आहे. तेथें कोल्ट कंपनीनें १९२७ सालीं आखूड नळीचें, सहा गोळ्यांचें 'डिटेक्टिव्ह स्पेशल' काढलें. १९५० सालीं स्मिथ अँड वेसन कंपनीनें पांच गोळ्यांचें 'चीफ्स स्पेशल' काढलें. आणि तेव्हांपासून खिशांत मावणारें रिव्हॉल्व्हर हें तेथील नागरिकाच्या पोषाखाचा जणूं एक भाग होऊन बसलें. २०२२ च्या जूनमध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें न्यूयॉर्क राज्याचा निर्बंधहि रद्द केला. हत्यार बाळगून बाहेर वावरावयाचें तर आपणांस त्याची विशेष गरज आहे असें अर्जदारानें दाखवावें, असा तो शंभरांहून अधिक वर्षांचा नियम होता. आतां तेथील निम्म्याहून अधिक राज्यांत परवान्यावांचूनहि रिव्हॉल्व्हर लपवून बाळगतां येतें.

या मताच्या कैवाऱ्यांची बाजू अगदींच पोकळ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. १८७८ चा हत्यारांचा कायदा परकी सरकारनें या देशावर लादला आणि एक सबंध राष्ट्र निःशस्त्र केलें, हें शल्य आमच्या वाडवडिलांच्या उरांत होतें. अहिंसेचे उपासक गांधीजी यांनींहि त्या कायद्याची गणना ब्रिटिश राज्याच्या काळ्यांत काळ्या कृत्यांत केली होती. १९३१ सालीं कराची येथें काँग्रेसनें मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यांतून निघालेल्या यादींत नियमांच्या मर्यादेंत शस्त्र बाळगण्याचा हक्कहि नमूद होता. याच आधारावर १९४८ च्या डिसेंबरांत घटनासमितींत श्री. हरि विष्णु कामत यांनीं हा हक्क घटनेंत घालावा अशी सूचना मांडली. तिला डॉ. आंबेडकर यांनीं विरोध केला. वाटेल त्यानें बाजारांत जाऊन वाटेल तें मारक साधन विकत घ्यावें, अशी मुभा असेल तर राज्यकारभार चालेल कसा, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता; आणि सूचना फेटाळली गेली. ज्या समाजाला शतकानुशतकें दुसऱ्यांच्या शस्त्राचा धाक सोसावा लागला त्या समाजांतून वर आलेल्या पुरुषानें हें उत्तर द्यावें, यांत मोठा अर्थ आहे. शस्त्र सर्वांना मोकळें झालें म्हणजे तें दुबळ्याच्या हातीं आधीं येत नाहीं. ज्याच्या पदरीं पैसा, मनुष्यबळ व वजन आधींच आहे त्याच्याच हातीं तें आधीं येतें, हें ते पुरतें जाणून होते.

शिवाय स्वसंरक्षणाचा हक्क आणि रिव्हॉल्व्हर बाळगण्याचा हक्क या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिला हक्क आमच्या कायद्यानें केव्हांच मान्य केला आहे. पूर्वीच्या दंडसंहितेंत तो होता, आणि १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंतहि ३४ ते ४४ या कलमांत तो आहे. बलात्कार, अपहरण, आम्लहल्ला अशा प्रसंगीं हल्लेखोराचा प्राण गेला तरी कायदा बचाव करणारास दोषी धरीत नाहीं. तेव्हां आम्ही अबलांचे हात बांधूं पाहतों, हा आरोप आम्हांस लागूं पडत नाहीं. प्रश्न एवढाच उरतो कीं, हें विशिष्ट साधन त्या हक्काच्या कामीं खरोखर येतें काय?

येथें कैवाऱ्यांचेंच गणित घेऊं. अमेरिकेंतील सॉल्ट लेक शहराचे पोलीस शिक्षक डेनिस ट्यूलर यांनीं १९८३ सालीं दाखवून दिलें कीं, सुरा घेतलेला मनुष्य २१ फूट अंतर सुमारें दीड सेकंदांत तोडतो. आणि पट्ट्याचें पिस्तूल काढून नेम धरावयास शिकलेल्या शिपायासहि जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. हें झालें समोरून, उजेडांत, शत्रु ओळखूं येत असतां. पर्सच्या तळाशीं, रुमालाखालीं ठेवलेल्या रिव्हॉल्व्हरची कथा काय सांगावी? आतां नेमाकडे वळूं. रँड या संस्थेनें २००८ सालीं न्यूयॉर्क पोलिसांच्या गोळीबारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. समोरूनहि गोळ्या येत असतां या शिकलेल्या शिपायांच्या शंभर गोळ्यांपैकीं सरासरी अठराच लक्ष्यावर लागल्या होत्या.

हा आंकडा दाखविला कीं कैवारी म्हणतात, "म्हणूनच तर जादा काडतुसें बाळगावयास सांगतों!" आमच्या मतें त्यांच्या पक्षाचा पराभव याच वाक्यांत आहे. पांच गोळ्या पुरत नाहींत म्हणून आणखी पांच. त्या भरावयास वेळ लागतो म्हणून एकदम भरण्याचें यंत्र. तेंहि हातून निसटेल म्हणून दुसऱ्या खिशांत दुसरें रिव्हॉल्व्हर! भीतीच्या हिशोबाला शेवटची ओळ नसते. पण या हिशोबांत एक रकमेची नोंद कोणीच करीत नाहीं. पांचांतील एक गोळी लक्ष्यावर लागली असें धरलें, तर उरलेल्या चार गेल्या कोठें? ज्या स्त्रीला या रिव्हॉल्व्हरनें निर्भय करावयाचें ती मोकळ्या माळरानावर राहत नाहीं. ती सायंकाळीं सहा वाजतां दादर स्टेशनच्या पुलावर, नाहीं तर विरारकडे जाणाऱ्या लोकलच्या डब्यांत, खांद्याला खांदा लावून उभी असते. त्या चार गोळ्या तिच्यासारख्याच कोणाच्या तरी शरीरांत जाणार. जादा काडतुसें म्हणजे चुकलेल्या गोळ्यांची वाढीव बेगमी, याहून निराळा अर्थ त्या डब्यांत तरी निघत नाहीं.

याहूनहि मोठा दोष शत्रूच्या कल्पनेंत आहे. काळोखांतून धांवून येणारा अनोळखी दुष्ट मनुष्य डोळ्यांपुढें ठेवून हें हत्यार विकलें जातें. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वार्षिक अहवाल मात्र सांगतात कीं, बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांपैकीं ९० टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी हा स्त्रीच्या ओळखीचाच असतो: नातेवाईक, शेजारी, मालक, मित्र. काका घरांत आला असतां पुतणी त्याच्यावर नळी रोखून बसणार काय? उलट, घरांतलें तें रिव्हॉल्व्हर ज्या कपाटांत असतें त्याची किल्ली बहुधा घरच्या पुरुषाकडेच असते. अमेरिकेंतील केलरमन प्रभृतींनीं १९९३ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत, घरांत बंदूक असेल तर त्या घरांत खून होण्याचा संभव सुमारें पावणेतीनपट आढळला, आणि मारणारा बहुतेक घरचा किंवा परिचयाचा. कॅलिफोर्नियांतील लाखों लोकांचा मागोवा घेऊन २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, पिस्तूल बाळगणाऱ्या स्त्रियांचा बंदुकीनें आत्मघात करण्याचा संभव इतर स्त्रियांच्या पस्तीसपट निघाला. २०२१ सालीं त्या देशांत बंदुकीनें जे ४८ हजारांहून अधिक लोक मेले, त्यांतील निम्म्याहून अधिक स्वतःच्याच हातानें मेले. ज्याच्यापासून रक्षण करावयाचें तो शत्रु क्वचितच येतो. उदास रात्र मात्र प्रत्येकाच्या घरीं येते, आणि भरलेलें हत्यार तेव्हां हाताशीं असतें.

आतां किंमतीविषयीं. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १४ व्या कलमांत एक उदार वाक्य आहे: केवळ पुरेशी मालमत्ता नाहीं एवढ्याच कारणावरून कोणास परवाना नाकारूं नये. कायद्यानें दार उघडें ठेवलें, पण सव्वा लाखाच्या किंमतीनें तें बंद केलें. पहांटे मासळीची टोपली घेऊन निघणारी कोळीण, ऊसतोडीच्या फडावर झोंपडींत झोंपणारी मजुरीण, रात्रपाळी करून परतणारी परिचारिका, यांच्यापैकीं कोणाच्या पदरांत हें किरमिजी पेटींतलें अभय पडणार? जिला संरक्षण सर्वांत अधिक हवें तिला जें मिळूं शकत नाहीं, त्यास स्त्रीरक्षणाचा उपाय कसें म्हणावें?

"पोलीस वेळेवर येत नाहींत, मग आम्हीं काय करावें?" हा प्रश्न आम्ही टाळीत नाहीं; तोच खरा प्रश्न आहे. ज्यास खुनाच्या उघड धमक्या आल्या आहेत, जो दूरच्या वस्तीवर एकटा राहतो, अशास चौकशीअंतीं व शिक्षण घेतल्यावर परवाना मिळावा, यास आमची हरकत नाहीं. २०१६ च्या नियमांत शिक्षणाची अट आहेच, ती कसोशीनें पाळली जावी. पण अपवादासाठीं ठेवलेली वाट सर्वांचा राजमार्ग करूं लागलें म्हणजे पोलीस न येण्याचें दुःख कायम राहतें, आणि त्यांना बोलावण्याची जबाबदारीहि संपते. दिल्लीच्या त्या प्रकारानंतर न्या. वर्मा यांच्या समितीनें २९ दिवसांत, २३ जानेवारी २०१३ रोजीं आपला अहवाल दिला. पोलिसांची सुधारणा, तक्रारीची तत्काळ नोंद, रस्त्यावर दिवे, भरंवशाची सार्वजनिक वाहनें या गोष्टींवर तिचा कटाक्ष होता. ज्या बसमध्यें तें कृत्य झालें तिला असे वाटसरू घेण्याचा परवानाच नव्हता. तरीहि ती राजधानीच्या रस्त्यांवर बिनदिक्कत फिरत होती. त्या रात्रीं कमी पडलें तें ती बस अडविणारें कोणी. आणि तें काम कोणत्याहि पर्समधील रिव्हॉल्व्हरचें नव्हतें. समितीनें दिवे व वाहनें मागितलीं असतां वर्षभरानें सरकारी कारखान्यानें रिव्हॉल्व्हर पुढें केलें, यांतच सारा उलगडा आहे.

म्हणून आमचें आमच्या वाचकांस, विशेषतः मुलीस हें हत्यार घेऊन देण्याचा विचार करणाऱ्या सधन आईबापांस, एवढेंच सांगणें आहे: त्या सव्वा लाखानें आपण आपल्या मुलीचें भय विकत घेत आहां. तिच्या येण्याजाण्याच्या वाटेवर दिवे कां नाहींत, शेवटच्या गाडींत स्त्रियांच्या डब्यापाशीं शिपाई कां नसतो, ठाण्यांत तक्रार लिहून घेण्यास रात्र कां उजाडते, हे प्रश्न आपल्या नगरसेवकाला व आमदाराला दर महिन्यास लेखी विचारावे. असे प्रश्न विचारणारीं शंभर कुटुंबें एका वस्तींत निघालीं तर त्या वाटेवरून कोळीण आणि परिचारिका ह्याहि सुखरूप जातील. आणि त्यांना त्यासाठीं परवाना काढावा लागणार नाहीं.