सेंद्रिय ताटाचा धूर

गेल्या महिन्यांत पुण्यांतील एका उपाहारगृहांत आम्हीं भोजन घेतलें. पदार्थांच्या यादीवर 'सर्व जिन्नस सेंद्रिय' अशी ठळक ग्वाही. पानांतील ॲस्परॅगस कोठून आला, असें विचारतां 'परदेशांतून, विमानानें' हें उत्तर मोठ्या अभिमानानें मिळालें !

अन्नांत विष नसावें, याविषयीं आमचा वाद नाहीं. नत्रखताच्या कारखान्यांत खर्ची पडणारा नैसर्गिक वायु वांचला तर तेंहि इष्टच. परंतु सेंद्रिय हा शब्द खत व औषधें यांपुरताच बोलतो. तितकाच माल तितक्याच अंतरावर नेण्यास विमान जहाजाच्या सुमारें 50 पट कर्बवायु हवेंत सोडतें. तें त्या शब्दांत कोठें आहे? पाण्यानें तुंबलेल्या भातखाचरांत हिरवळीचें खत गाडलें कीं मिथेन वाढतो, आणि सेंद्रिय चारा खाणारी गायहि रवंथ करावयाची थांबत नाहीं. 'नेचर' साप्ताहिकांत 2012 सालीं आलेल्या तुलनेंत सेंद्रिय उत्पन्न, पिकाच्या व जमिनीच्या मानानें, 5 ते 34 टक्के कमी उतरलें. ती तूट भरण्यास अधिक जमीन नांगराखालीं आणावी लागते, तिचा हिशेब कोण देणार?

आमचा खरा राग निराळाच आहे. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी रब्बींत जमिनींतल्या ओलीवर पिकते. पण ती पिकविणाऱ्या लहान शेतकऱ्यापाशीं प्रमाणपत्र नसलें, कीं या घरीं तिला पान नाहीं. मालकांनीं प्रत्येक पदार्थापुढें त्याचें गांव आणि वाहन छापावें. आम्हीं भाकरी मागितली होती. ती यादींत नव्हती.