पियानोवादकाचा कामाचा दिवस

कलावंताला रचना कशी सुचते, याविषयी समाजाच्या मनात एक ठरीव चित्र असते. रात्रीची नीरव वेळ, उघडी खिडकी, बाहेर पाऊस आणि पियानोसमोर डोळे मिटून बसलेला एकाकी माणूस. एकाएकी त्याला काहीतरी सुचते आणि पहाटेपर्यंत रचना पूर्ण होते. जुन्या हिंदी चित्रपटांतला नायक तर मेजवानीत सहज पियानोशी जाऊन बसतो आणि गाऊ लागतो. पडद्यावर बोटे नायकाची दिसतात. ऐकू येणारे सूर मात्र ध्वनिमुद्रणाच्या वेळी दुसऱ्याच कोणीतरी वाजवलेले असतात. तो दुसरा माणूस सकाळी डबा घेऊन कामावर आलेला असतो आणि त्याला त्या दिवसाची मजुरी मिळायची असते. प्रेरणेचा विचार करायचा, तर तो या दुसऱ्या माणसापासून सुरू करायला हवा.

असा माणूस आज कोठे भेटेल? मुंबई, पणजी, पुणे येथे तो भेटतोच. बेंगळुरूच्या पूर्वेकडील व्हाइटफील्डमध्येही तो भेटतो. माहिती तंत्रज्ञानाच्या कचेऱ्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या उपनगराचा जन्म अगदी वेगळ्या कारणाने झाला. म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांनी 1882 मध्ये युरेशियन आणि अँग्लो-इंडियन लोकांच्या संघटनेला शेतीवर आधारित वसाहतीसाठी सुमारे 3900 एकर जमीन दिली. संघटनेचे संस्थापक डी. एस. व्हाइट यांचे नाव त्या गावाला पडले. वर्तुळाकार रस्ते, कौलारू बंगले, परसात फळझाडे असे ते गाव होते. अँग्लो-इंडियन समाजात चर्चमधील समूहगान, नृत्य आणि पियानो यांना पूर्वापार मान आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस येथे तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले, 2023 मध्ये मेट्रो आली आणि बंगल्यांची जागा उंच इमारतींनी घेतली. देशभरातून आलेली कुटुंबे येथे राहू लागली. त्यांत मराठी कुटुंबेही पुष्कळ आहेत. आपल्या मुलांना वाद्य शिकवावे असे त्यांना वाटते, आणि त्यामुळे पियानो शिकवणाऱ्याला येथे काम मिळते.

या पियानोवादकाचा दिवस रियाजाने सुरू होतो. पियानोला 88 पट्ट्या असतात, 52 पांढऱ्या आणि 36 काळ्या. पट्टी दाबली की आत नमदा चढवलेली एक लहानशी हातोडी तारेवर आपटते आणि लगेच मागे येते. तारा सुमारे सव्वादोनशे असतात आणि त्यांचा एकूण ताण कित्येक टनांचा असतो. तारांखालचा लाकडी फळा पावसाळ्यात हवेतला ओलावा शोषून फुगतो, त्याबरोबर सूर चढतो. उन्हाळ्यात तो सुकतो आणि सूर उतरतो. म्हणून सूर जुळवणाऱ्या कारागिराला वर्षातून किमान एक-दोनदा बोलवावे लागते आणि त्याची मजुरी बाजूला काढून ठेवावी लागते. अनेक घरांत आता विजेवर चालणारा पियानो असतो. त्याचे सूर उतरत नाहीत आणि कानाला हेडफोन लावले की शेजाऱ्यांची तक्रारही येत नाही. रसिकांना तो कमी प्रतीचा वाटतो, पण पातळ भिंतींच्या इमारतीत पहाटे पाच वाजता रियाज करणाऱ्याला तो वरदान वाटावा यात नवल नाही.

दुपारनंतर शिकवण्या सुरू होतात. शाळा सुटली की मुले येतात आणि सुटीच्या दिवशी नोकरी करणारी प्रौढ माणसेही येतात. लंडनच्या संस्थांच्या परीक्षा आठ श्रेणींच्या असतात. त्यांच्या तयारीत महिनेच्या महिने जातात. अधूनमधून एखाद्या समारंभात वाजवण्याचे बोलावणे येते, एखाद्या जाहिरातीसाठी अर्ध्या मिनिटाची धून करून द्यायची असते. एवढे झाल्यावर जो वेळ उरतो, त्यात स्वतःची रचना करायची. हे सारे ऐकून हळहळणारे म्हणतात, "बिचाऱ्याला पोटासाठी केवढा व्याप! वेळ मिळाला असता तर त्याने काय काय केले असते!"

ही हळहळ अर्धीच खरी आहे. पोटासाठी केलेले काम प्रतिभेचा वेळ खाते, हे कोणी नाकारणार नाही. पण तेच काम प्रतिभेला खाद्यही पुरवते. बाखचे उदाहरण घ्यावे. त्याने 1720 मध्ये आपल्या नऊ वर्षांच्या थोरल्या मुलाला शिकवण्यासाठी एक वही घातली. (पियानो तेव्हा नुकता जन्मला होता, मुलगा शिकला तो त्याआधीच्या पट्ट्यांच्या वाद्यांवर.) दोन्ही हातांनी स्वतंत्र चाली वाजवता याव्यात म्हणून बाखने त्या वहीत लहान लहान रचना लिहिल्या. त्या रचना तीनशे वर्षांनंतरही जगभर वाजवल्या जातात, व्हाइटफील्डमध्येसुद्धा. हंगेरीचा बेला बार्तोक 1907 पासून बुडापेस्टच्या संगीत अकादमीत पियानोचा शिक्षक होता. रचनाशास्त्र शिकवायला त्याने नकार दिला, पियानो मात्र वर्षानुवर्षे शिकवला. पुढे त्याने सोप्याकडून कठिणाकडे जाणाऱ्या 153 रचना सहा भागांत लिहिल्या आणि पहिले दोन भाग आपल्या मुलाला, पेटरला, अर्पण केले. शिकणाऱ्याचे बोट कोठे अडते हे ज्याने रोज पाहिले आहे, त्यालाच अशी रचना सुचू शकते. अडचण हीच येथे प्रेरणा ठरली.

मराठी वाचकाला याहून जवळचे उदाहरण गोविंदराव टेंबे (1881–1955) यांचे वाटेल. पेटी, म्हणजे हार्मोनियम, हेही पट्ट्यांचेच वाद्य. साथीदाराने मुख्य गायकाच्या मागे राहायचे असते. त्याची जागा दुय्यम मानली जाते. परंतु भास्करबुवा बखल्यांसारख्या गायकाला साथ करताना टेंब्यांच्या कानांवरून आणि बोटांखालून जे गेले, ते पुढे 1911 मध्ये 'संगीत मानापमान' नाटकाच्या चालींत उमटले. 1932 च्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटाला त्यांनी संगीत दिले आणि त्यात हरिश्चंद्राची भूमिकाही केली. साथ करणे, चाली बांधणे, भूमिका करणे ही त्यांची वेगवेगळी आयुष्ये नव्हती. एकच कामाचे आयुष्य होते.

भोवतालचे आवाजही रचनाकाराला काही देतात, असे नेहमी सांगितले जाते. कुकरची शिट्टी, रेल्वेचा भोंगा, कोकिळेची चढत जाणारी हाक, मेट्रोतील कन्नड आणि इंग्रजी सूचना यांतून संगीत सुचते म्हणे. यात तथ्य आहे; पण त्याचे कौतुक थोडे अधिकच होते. हे आवाज त्या गल्लीतल्या सर्वांच्याच कानांवर पडतात. फ्रान्सच्या ऑलिव्हिए मेसियाँने पक्ष्यांच्या आवाजांवरून पियानोसाठी मोठी ग्रंथमाला वाटावी अशी रचना केली, ती पक्षी गातात म्हणून नव्हे, तर तो वही घेऊन रानावनात हिंडत त्यांचे सूर टिपून घेत असे म्हणून.

मग कष्ट आणि टंचाई यांतच कला फुलते, असे म्हणायचे का? तसे म्हणणे सोयीचे आहे. विशेषतः ज्यांना पैसे द्यायचे नसतात त्यांना. व्हाइटफील्डला जमीन देणाऱ्या महाराजांच्याच घराण्यात या प्रश्नाचे उत्तर सापडते. चामराजेंद्रांचे नातू जयचामराजेंद्र वडियार (1919–1974) हे म्हैसूरचे शेवटचे महाराज. ते पाश्चात्त्य संगीताचे जाणकार आणि उत्तम पियानोवादक होते. पियानोवादक म्हणूनच आयुष्य घालवावे अशी त्यांची इच्छा होती. परंतु 1940 या एकाच वर्षात वडील आणि चुलते दोघेही वारले आणि एकविसाव्या वर्षी त्यांना गादीवर बसावे लागले. राज्यकारभाराच्या व्यापात मैफिली करणे शक्य नव्हते. त्यांनी वेंकटगिरियप्पांकडे वीणेचे शिक्षण घेतले, कर्नाटक संगीताचा अभ्यास वासुदेवाचार्यांकडे केला आणि 94 कृती रचल्या. हा माणूस श्रीमंत होता, तरी त्यालाही फुरसत नव्हती. आणि त्याची रचना झाली ती या दुसऱ्या वाटेने, कामाच्या गराड्यात.

त्याच काळात लंडनमध्ये निकोलाय मेट्नर हा रशियन पियानोवादक आणि रचनाकार कसेबसे दिवस काढत होता. मायदेश सुटला होता. दुसऱ्या महायुद्धामुळे जर्मन प्रकाशकांकडून येणारे पैसे थांबले, शिकवण्या कमी झाल्या, प्रकृती ढासळली. रोजचे काम त्याच्या प्रतिभेला पोसत होते, असे त्याला कोणी सांगितले असते तर ती क्रूर थट्टा ठरली असती. जयचामराजेंद्रांनी त्याच्या रचनांच्या ध्वनिमुद्रणाचा खर्च उचलला. 1947 मध्ये फिलहार्मोनिया वाद्यवृंदाबरोबर मेट्नरने स्वतः पियानो वाजवून आपले तिन्ही कॉन्चेर्टो मुद्रित केले. त्यांतला तिसरा त्याने म्हैसूरच्या महाराजांना अर्पण केला. 1951 मध्ये तो वारला. महाराजांचा पैसा आला नसता, तर त्याने वाजवलेले ते कॉन्चेर्टो आज आपल्याला ऐकायला मिळाले असते की नाही, याची शंकाच आहे.

काम कलावंताला घडवते, परंतु त्या कामाचा मोबदला मिळाला तरच. आता महाराज नाहीत. आश्रयदाता आहे तो सामान्य माणूसच: शिकवणीची फी देणारे पालक, तिकीट काढणारा श्रोता, जाहिरात करून घेणारा व्यापारी. यांतील बहुतेकांना फसवायचे नसते. पण संगीत म्हणजे आवड, आणि आवडीचे कसले पैसे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. नळ दुरुस्त करणाऱ्याला "तुम्हाला या कामाची आवड आहे ना? मग थोडे वाजवून, म्हणजे ठोकून, दाखवा" असे कोणी म्हणत नाही. वादकाला मात्र "कार्यक्रमात चार लोक ऐकतील, नाव होईल" असे सांगून विनामूल्य बोलावले जाते.

नाव होईल, हे आश्वासनही पोकळ असते. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गोव्याहून आलेल्या शेकडो वादकांनी दशकानुदशके काम केले. गोव्यातील चर्चच्या शाळांत त्यांना लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकवलेली असे, म्हणून संगीत दिग्दर्शकांना त्यांच्यावाचून चालत नसे. संगीत दिग्दर्शकाने सुचवलेल्या चालीभोवती संपूर्ण वाद्यवृंदाचे संगीत कागदावर उतरवण्याचे काम सेबास्टियन डिसूझांसारख्या अरेंजरांनी केले. तबकडीवर मात्र संगीत दिग्दर्शकाचे आणि गायकाचे नाव छापले जाई. वादकांना ठरलेली मजुरी मिळे आणि गाणे पुढे कितीही वाजले तरी त्यांचा त्याच्याशी संबंध उरत नसे. 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि चित्रपटातील गीताच्या लेखकाचा व रचनाकाराचा स्वामित्वधनावरील हक्क काढून घेता येणार नाही, असे ठरले. वादकांसाठीही त्यात तरतूद आहे. कायदा उशिरा आला, तरी आला. पण तो ध्वनिमुद्रित गाण्यांपुरताच उपयोगी पडतो. घरी येऊन शिकवणाऱ्याला त्याचे संरक्षण नाही. तेथे मे महिन्यात मूल आजोळी गेले की त्या महिन्याची फी मिळत नाही. पियानोचे सूर मात्र त्याच महिन्याच्या कोरड्या हवेत उतरलेले असतात, आणि पावसाळ्याआधी कारागिराला बोलवायचे असते.