पाच टेस्ट केस पास, सहावी नापास

मंडळी, या वीकेंडला एक संख्या नीट बघा: ४,२९,४९,६७,२९७. म्हणजे २ चा ३२ वा घात, अधिक १. ३२ बिटांच्या अनसाइन्ड इंटीजरमध्ये ही कोंबली तर उरतो फक्त १. माझा हिच्याशी परिचय असाच झाला. एका जुन्या ऑफिसात माझा कोड फाइलची साइज ३२ बिटांत ठेवायचा. पाच फाइल्सवर टेस्ट केला, पाचही पास. टीममधल्या ज्युनिअर मुलीने विचारलं, "पण मोठ्या फाइललाही चालेल कशावरून?" मी भर मीटिंगमध्ये म्हणालो, "टेस्ट पास झाल्यात ना? मग झालं!" पुढे चार जीबीच्या वरची फाइल आली आणि बॅकअप अर्धवट राहिला. रात्रभर जागून निस्तरलं तिनेच. असो.

आता फर्माची गोष्ट. २ चा १ला, २रा, ४था, ८वा, १६वा घात घ्या आणि प्रत्येकात १ मिळवा: ३, ५, १७, २५७, ६५,५३७. पाचही मूळ संख्या! १६४० मध्ये फर्माने लिहिलं की पुढच्याही अशाच असाव्यात. मात्र सिद्धता आपल्याकडे नाही, हेही त्याने कबूल केलं. १७३२ मध्ये ऑयलरने दाखवलं की सहावीच, म्हणजे आपली वरची संख्या, ६४१ × ६७,००,४१७ आहे. आणि गंमत म्हणजे, आजतागायत या माळेत सहावी मूळ संख्या कुणालाही सापडलेली नाही.

आपल्याकडे मात्र पाच टेस्ट पास झाल्या की "वर्क्स फाइन" असा मेल जातो. फर्माएवढा प्रामाणिकपणाही आपल्यात नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "अरे, डेडलाइन असते, सिद्धता कोण करत बसणार?" चूक! डोकं चालवणं स्वस्त पडतं. २ पासून एकेका मूळ संख्येने आंधळेपणाने भागत गेलात तर ६४१ येते ११६ व्या प्रयत्नाला. पण या संख्येचा कोणताही मूळ विभाजक ६४ च्या पटीत १ मिळवून येतो, हे कळलं की उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचवा भागाकार, खेळ खलास.

आणि खात्री करायला कॅल्क्युलेटरही नको. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १. म्हणून ६४१ ने भागताना ५ × १२८ ची किंमत −१, आणि त्याच्या चौथ्या घाताची, म्हणजे ६२५ × २ चा २८ वा घात याची, किंमत १. शिवाय ६४१ म्हणजे ६२५ + १६, म्हणजे १६ च्या जागी −६२५ चालतं. २ चा ३२ वा घात म्हणजे १६ × २ चा २८ वा घात, त्याची किंमत −१. त्यात १ मिळवा. शून्य! चार ओळी, आणि शंकेला जागाच नाही.

प्रत्येक कोडची सिद्धता लिहा असं मी म्हणतच नाही. फक्त "कशावरून?" असं विचारणाऱ्याला गप्प करू नका. त्या दिवशी मीटिंगमध्ये गणित येणारं माणूस एकच होतं. ते मी नव्हतो.