यंत्राआधी धार

मी एका खासगी कंपनीत हिशेब लिहिते आणि सुट्टीच्या दिवशी रंधा मारते. हे कळलं की लोक ठरलेले दोन प्रश्न विचारतात: जागा कुठून आणलीत, आणि मशिनरीला किती गेले? बाईमाणसाला हा उद्योग कशाला, हा तिसरा प्रश्न बहुतेक जण मनात ठेवतात. एखादी आत्या तो उघड विचारते. माझं घर सिंहगड रस्त्यावर, दोन खोल्यांचं. बाल्कनीत कपड्यांची दोरी, तुळस आणि वॉशिंग मशीन आहे. त्यांच्यातून जे उरतं तो माझा कारखाना. मशिनरी म्हणाल तर एक ड्रिल. सगळं पाच हजारांत बसतं.

कमी पैशांत घरी सुतारकाम सुरू करणं अवघड नाही. पैसे उलट्या क्रमाने खर्च केले की ते अवघड होऊन बसतं. मोबाइलवर अमेरिकेतल्या गॅरेजचे व्हिडिओ बघायचे, त्यातल्या टेबल सॉची आणि राउटरची यादी करायची, बेरीज लाखाच्या घरात गेली की नाद सोडून द्यायचा, असं पुष्कळांचं होतं. जे नाद सोडत नाहीत ते सेलमध्ये स्वस्तातला ग्राइंडर उचलतात. हे दुसरं जास्त वाईट. का, ते पुढे सांगते.

पहिला खर्च धार लावायच्या दगडावर करावा. एका बाजूने भरड, दुसऱ्या बाजूने बारीक असा कार्बोरंडमचा दगड दोनशेच्या आसपास मिळतो. तोही नको असेल तर काचवाल्याकडून जाड काचेचा एक तुकडा आणावा, त्यावर पाणी शिंपडून 400, 800 आणि 2000 नंबरचे पाण्यातले पॉलिश पेपर क्रमाने बसवावेत. काम तेच होतं.

दुकानातून आणलेली नवी पटाशी कापण्याच्या लायकीची नसते, हे आपल्याला कुणी सांगत नाही. कारखान्यात तिला साधारण 25 अंशांचा उतार दिलेला असतो. धार आपण काढायची असते. आधी पाठ. पटाशीची पाठ दगडावर सपाट ठेवून पुढचा बोटभर भाग घासत राहायचं, त्यात ट्यूबलाइट स्वच्छ दिसेपर्यंत. मग पटाशी उलटी करून उतार टेकवायचा, किंचित उचलून 30 अंशांवर आणायचा आणि मागेपुढे घासायचं. थोड्या वेळाने पाठीकडून बोट फिरवलं की कडेला खरखरीत लव लागते. ती कडेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लागली, म्हणजे धार पूर्ण आली. मग बारीक बाजूवर हलक्या हाताने दोन्हीकडून घासून लव काढून टाकायची, जुन्या कातडी पट्ट्यावर पटाशी ओढायची, आणि परीक्षा घ्यायची. परीक्षा कागदावर नको, पाइनच्या फळीच्या टोकावर. तिथे लाकडाचे तंतू उभे असतात. बोथट पटाशी ते चुरडते आणि पांढुरकी, भुसभुशीत जागा सोडते. धारदार पटाशी गेली की टोक गुळगुळीत होतं आणि चमकतं. हा फरक एकदा डोळ्यांनी पाहिला की यंत्रांची ओढ निम्मी कमी होते.

मला हे आमच्या इमारतीत फर्निचर करायला आलेल्या एका मिस्त्रीकाकांनी शिकवलं. मी दारात उभी राहून बघत होते. त्यांनी एकदाच सांगितलं, “ताई, पटाशीला जोर लावावा लागला की समजायचं, दगडाकडे जायची वेळ झाली.” हाताला जखमा होतात त्या बहुतेक बोथट हत्यारानेच. जोर लावला की हत्यार निसटतं.

आता बाकीची यादी. दोन पटाश्या, एक पाव इंची आणि एक पाऊण इंची, मिळून साडेचारशे. करवत साडेतीनशे. लाकडी रंधा सहाशे. गुण्या दोनशे, कडेला समांतर रेघ ओढायचा खतकस दीडशे, टेप शंभर. सहा इंची दोन क्लॅम्प पाचशे. दगड धरून अडीच हजारांच्या थोडं वर. ड्रिल अठराशेपर्यंत. उरलेल्या साडेसहाशेत फेविकॉल, पॉलिश पेपर आणि शिकण्यापुरतं लाकूड. ठोकणा विकत घेऊ नये. बाभळीचा ओंडका मिळाला तर तो आपल्याला करता येतो, आणि पहिलं काम म्हणून उत्तम.

घेताना तीन गोष्टी बघाव्यात. करवतीच्या दातांची टोकं निळसर-काळी असतील तर ती कडक केलेली आहेत. अशी करवत बरेच दिवस धार धरते, पण एकदा बोथट झाली की कानस तिला लागत नाही. ती भंगारात जाते. साध्या दातांची करवत तिकोनी कानशीने पुन्हा पुन्हा लावता येते. कमी पैसे असणाऱ्याने हीच घ्यावी. गुण्या दुकानातच तपासावा: सरळ कडेच्या फळीला लावून एक रेघ मारायची, गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी मारायची. रेघा एकमेकींवर बसल्या तर काटकोन खरा, फाकल्या तर ठेवून द्यायचा. आणि लाकडी रंध्याला नाक मुरडू नये. त्याचं पातं पाचरीने अडकवलेलं असतं. हातोडीचा हलका ठोका पुढून दिला की पातं जास्त घेतं, मागून दिला की कमी. दोन तासांत हाताला ते कळतं.

हे सगळं पुण्यात रविवार पेठेत, बोहरी आळीच्या परिसरात मिळतं. तिथल्या एका दुकानात मला ऐकायला मिळालं, “मॅडम, मिस्त्रीला पाठवा, त्याला कळेल.” मी गुण्या उलटा करून रेघ मारून दाखवली, तेव्हा आतला दुसरा गुण्या निघाला. बायकांनी या दुकानांत जाऊन उभं राहायची सवय करावी. दुकानदारांनाही तिची गरज आहे.

स्वस्तात चांगलं हवं असेल तर जुना बाजार. पुण्यात तो रविवारी आणि बुधवारी भरतो. मुंबईकरांना चोरबाजार आहे. जुन्या लोखंडी रंध्यावरचा वरवरचा गंज पॉलिश पेपरने निघतो, त्याला घाबरू नये. पण पात्याच्या पाठीवर धारेजवळ गंजाचे खड्डे पडले असतील तर तिथे धार कधीच येणार नाही. सांगाड्याला चीर असेल तर तो फुकटातही नको. पातं किती उरलंय ते बघावं; अर्ध्याहून जास्त झिजलेलं असेल तर भाव पाडावा किंवा पुढे जावं.

टेबल कुठे ठेवायचं, हा पुढचा प्रश्न. ठेवूच नका. आपला सुतार पिढ्यान्‌पिढ्या जमिनीवर बसून काम करत आला; लाकूड पायाने दाबायचं, तळपायाने अडवायचं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला याहून सोयीची पद्धत नाही. जुन्या वाड्याच्या दाराच्या चौकटीचा चार फुटी तुकडा मी आणला, खाली दोन आडव्या पट्ट्या मारल्या, एका टोकाला लाकूड अडायला बोटभर उंचीची पट्टी ठोकली. काम संपलं की तो पलंगाखाली जातो. गुडघे धरत असतील तर तोच तुकडा भक्कम टेबलाला दोन क्लॅम्पनी आवळावा. जुन्या लाकडावर रंधा फिरवण्याआधी लोहचुंबक मात्र फिरवावा, कारण आत मोडलेला खिळा असला तर तासाभराची धार एका फटक्यात जाते.

लाकडाचा हिशेब घनफुटाने होतो आणि नवखे तिथेच बिचकतात. सहा फूट लांब, सहा इंच रुंद, एक इंच जाड फळी म्हणजे पाव घनफूट. सागवानाचा भाव घनफुटाला तीन हजार धरला तर ही एक फळी साडेसातशेला पडते. शिकताना सागाला हात लावायचं कारणच नाही. शिवाय त्याच्या अंगात वाळूसारखी सिलिका असते, त्यामुळे धार लवकर उतरते. भोसरी-चाकणकडच्या कारखान्यांतून येणारी पॅकिंगची खोकी आणि पॅलेट भंगारवाल्याकडे मिळतात. ते बहुधा पाइन असतं, मऊ आणि शिकायला योग्य. पॅलेटवरचा शिक्का वाचावा. ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली, ते घ्यावं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड हा विषारी वायू वापरलेला. ते घरात आणू नये. हात बसला की भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये जाऊन आंब्याच्या किंवा शिवणीच्या फळ्या बघाव्यात. आणलेलं लाकूड काही आठवडे घरातच राहू द्यावं. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं. जुलैत दार अडकतं ते याचमुळे.

आता ग्राइंडरबद्दल. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे अकरा हजार फेरे घेतो. तो लोखंड घासायला केलेला आहे. त्यावर लाकूड कापायची दातेरी पाती चढवून काम करण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, कारण पातं स्वस्त आणि बाजारात कुठेही मिळतं. दात लाकडात अडकला की अख्खं यंत्र उलट उसळतं आणि ते अंगावर येतं. घरी शिकणाऱ्याने हे करू नये, कुणी केलं तर त्याच्या शेजारी उभंही राहू नये. शिवाय आवाज आहे. आपल्या नियमांत रहिवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. कटर सुरू झाला की ती कुठल्या कुठे मागे पडते, आणि खालच्या मजल्यावरच्या आजी वर येतात. रंध्याची तक्रार अजून कुणी केलेली नाही.

तिसरी गोष्ट धूळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला 1995 मध्येच कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. रंध्याने निघतात त्या पातळ, गुंडाळलेल्या साली. त्या केरसुणीने भरता येतात. यंत्राने आणि पॉलिश पेपरने उडते ती हवेत तरंगणारी पूड. बंद घरात हा फरक मोठा आहे. पॉलिश पेपर मारताना मास्क लावावाच, आणि रंध्याने जितकं गुळगुळीत होईल तितकं करून पेपरचं काम कमी ठेवावं. शेवटचा हात म्हणून चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून लावली की स्वस्तात छान चमक येते. जवसाचं तेल वापरलंत तर त्याने भिजलेली चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. ती पसरून वाळवावी.

हत्यारं आणि जागा यांचा प्रश्न असा सुटतो. खरी अडचण आपल्या मनात आहे. गावगाड्यात सुतार हा बारा बलुतेदारांतला एक. लेखणीवाल्या घरांनी त्याचं काम हे ‘त्यांचं काम’ ठरवून टाकलं आणि पुढच्या पिढ्यांना स्क्रू पिळायलाही माणूस बोलवावा लागू लागला. मी रंधा हातात घेतल्यापासून एक गोष्ट बदलली: मिस्त्रीच्या मजुरीवर घासाघीस करायला जीभ रेटत नाही. एक चौकट काटकोनात बसवायला काय लागतं हे हाताला कळलं की तिची किंमत डोक्याला कळते. हौशी माणसाने मिस्त्रीची रोजी मारायची नाही, त्याच्या कामाची कदर शिकायची.

ही कदर शाळेतच यायला हवी होती. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा आग्रह धरला. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि मुलांना हाताने काम करता करता विज्ञान शिकवून दाखवलं. ही उदाहरणं आपल्याच राज्यातली. तरी शहरातल्या बहुतेक शाळांत कार्यानुभव म्हणजे थर्माकोल आणि चकचकीत कागद. थर्माकोलऐवजी पाइनची फळी आणि सहा पटाश्या आल्या तर फार खर्च वाढणार नाही. महापालिकांच्या शाळांतली एक-एक खोली सुट्टीच्या दिवशी मोठ्यांसाठीही उघडता येईल, आणि थकलेल्या मिस्त्रींना मानधन देऊन तिथे शिकवायला बसवता येईल. गृहनिर्माण सोसायट्यांना तर परवानगीचीही वाट बघायची गरज नाही. टेरेसवरच्या अडगळीच्या खोलीत तुटक्या खुर्च्यांऐवजी चार क्लॅम्प आणि एक दगड ठेवावा.

हे होईल तेव्हा होवो. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी या आठवड्यात एक दगड आणि एक पटाशी आणावी, आणि पाइनचं टोक चमकेपर्यंत तिसरी वस्तू विकत घेऊ नये.