डॉलरचे रुपये करताना

सोलापूरचे टॉवेल परदेशी जाऊ लागले त्याला बरीच वर्षे झाली. त्यांच्या मागोमाग आता पुढची पिढीही गेली आहे. मुलगा अमेरिकेत नोकरीला, त्याच्या तिकडच्या खात्यात वडिलांचे नाव, आणि थोडे अमेरिकी शेअर्सही वडिलांच्याच नावावर, अशी व्यापारी घरे नवी राहिलेली नाहीत. साहजिकच विवरणपत्र भरताना डॉलरचे रुपये कोणत्या दराने करावेत, हा प्रश्न पेढीवर येऊन ठेपला आहे.

‘बँकेने ज्या दराने जमा केले, तोच दर’ हे उत्तर सरळ वाटते. परंतु कायद्याला ते नेहमी मान्य नाही. ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाला १९६१ चा आयकर कायदा आणि १९६२ चे नियम लागू आहेत. त्यांतील नियम ११५ प्रमाणे दर स्टेट बँकेचा, तोही टीटी बाइंग म्हणजे तारेने आलेले चलन खरेदी करण्याचा घ्यावा लागतो. विक्रीचा दर किंवा इंटरनेटवर दिसणारा सरासरी दर चालत नाही.

दर कोणत्या दिवसाचा, हे उत्पन्नाच्या प्रकारावर ठरते. लाभांश ज्या महिन्यात जाहीर झाला, वाटला गेला अथवा दिला गेला, त्याच्या आधीच्या महिन्याच्या अखेरच्या दिवसाचा दर घ्यावा. शेअर्स विकून भांडवली नफा झाला असेल, तर विक्रीच्या आधीच्या महिन्याची अखेर पाहावी. पगारासाठीही आधीच्या महिन्याची अखेरच धरतात. बचत खात्यावरील व्याज, घरभाडे आणि धंद्याचे उत्पन्न यांसाठी मात्र ३१ मार्चचा दर लागतो. त्या दिवशी दर जाहीर झाला नसेल, तर लगतच्या आधीच्या कामकाजाच्या दिवसाचा दर घेण्याची आणि तशी टीप ठेवण्याची वहिवाट आहे.

एक उदाहरण पाहू. समजा, १५ सप्टेंबरला ४०० डॉलर लाभांश मिळाला. अमेरिकेत २५ टक्के कर कापला गेला आणि खात्यात ३०० डॉलर आले. ३१ ऑगस्टचा दर ८७ रुपये आणि जमा होण्याच्या दिवशीचा दर ८८ रुपये होता असे धरू. पुष्कळ जण ३०० डॉलरचे २६,४०० रुपये दाखवून मोकळे होतात. वास्तविक उत्पन्न ४०० डॉलरचे, म्हणजे ३४,८०० रुपये आहे. कापलेल्या १०० डॉलरचे ८,७०० रुपये होतात. नियम १२८ अन्वये त्यांची वजावट येथील करातून मागता येते. मात्र त्या उत्पन्नावरील भारतीय कराहून अधिक नाही. त्यासाठी फॉर्म ६७ मुदतीत भरावा लागतो. निव्वळ रक्कम दाखविणाऱ्याचे उत्पन्न कमी दिसते आणि हक्काची वजावटही हातची जाते.

निर्यातदारांसाठी थोडा फरक आहे. मालाचे पैसे परकीय चलन कायद्यानुसार ३१ मार्चपूर्वीच भारतात आले असतील, तर त्या रकमेला नियम ११५ चा दर लागू होत नाही; प्रत्यक्ष मिळालेले रुपये धरले जातात. जीएसटीत मात्र मालाचे मूल्य कस्टम्सच्या अधिसूचित दराने काढतात. त्यामुळे दोन विवरणपत्रांतील आकडे जुळत नाहीत, यात गैर काही नाही. फरकाचा ताळमेळ लिहून ठेवला म्हणजे विचारणा झाल्यास उत्तर तयार असते.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते परकीय मालमत्तेच्या तक्त्याकडे, म्हणजे शेड्यूल एफएकडे. निवासी आणि सामान्यतः निवासी असलेल्या करदात्याला तो बंधनकारक आहे. उत्पन्न शून्य असले तरी. येथे हिशेब जानेवारी ते डिसेंबर या वर्षाचा असतो. खात्यातील सर्वोच्च शिल्लक ज्या दिवशी होती, त्या दिवसाच्या टीटी खरेदी दराने तिचे रुपये करावयाचे. हा तक्ता आयटीआर १ किंवा ४ मध्ये नसतो. २ किंवा ३ भरावा लागतो. मुलाच्या खात्यात नाव केवळ सोयीसाठी घातले आहे, हे कारण पुरत नाही. २०१५ च्या काळा पैसा कायद्यात ही माहिती न दिल्यास १० लाख रुपये दंडाची तरतूद आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर वगळता अशी मालमत्ता एकूण २० लाखांपर्यंत असल्यास हा दंड होत नाही. तथापि माहिती देण्याचे कर्तव्य कायम आहे. २०१५ मध्येच भारत-अमेरिका फॅटका करार झाला असून तिकडील खात्यांची माहिती आयकर विभागाकडे येते.

म्हणून प्रत्येक महिनाअखेरीस स्टेट बँकेचा दरतक्ता उतरवून घ्यावा आणि छापून फाइलमध्ये लावावा. वर्षभरात अवघी बारा पाने होतील. वहीत परकीय रकमेपुढे दर, तारीख आणि रुपये अशी तीन घरे आखावीत. जुलैमध्ये सल्लागाराकडे जाताना ही फाइल हाती असेल, तर मागच्या वर्षीच्या दरासाठी धावाधाव करावी लागणार नाही.