807चा धाक आणि गुणसूत्रांची तपासणी

बीडमध्ये गर्भतपासणीचा विषय निघाला की 807 हा आकडा पुढे येतो. 2011च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे इथे एवढ्याच मुली होत्या. राज्यात सर्वांत कमी. पुढच्याच वर्षी परळीचे बेकायदा गर्भपाताचे प्रकरण गाजले आणि 2019 साली तिथल्या डॉक्टर दांपत्याला दहा वर्षांची सक्तमजुरी झाली. त्यातून एक मत रुजले: पोटातल्या बाळाच्या तपासण्या जितक्या कमी तितके बरे, गुणसूत्रांची तपासणी हा लिंगनिदानाचाच चोरदरवाजा.

ऐंशीच्या दशकात मुंबईत गर्भजलपरीक्षेचा असा गैरवापर झाला, म्हणून तर 1988 साली महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. पण पुढे सोनोग्राफी गल्लोगल्ली आली. लिंग सांगून पैसे कमावणाऱ्याला पोटात सुई घालून पाणी काढायची आणि अहवालासाठी दोन-तीन आठवडे थांबायची गरजच उरली नाही. 1994च्या केंद्रीय कायद्यानेही लिंग सांगणे गुन्हा ठरवले. गुणसूत्रांतले दोष शोधायला मात्र अटींसह परवानगी ठेवली.

‘आमच्या पोरी विशीतच बाळंत होतात, हे पस्तिशीनंतरचे दुखणे,’ असेही ऐकू येते. डाउन सिंड्रोमचा धोका वयाबरोबर वाढतो, हे बरोबर. पण बाविसाव्या गुणसूत्राचा बारीकसा तुकडा गळणे आईचे वय बघत नाही आणि डबल मार्कर या रक्तचाचणीला ते कळत नाही. अठरा ते वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत बाळाच्या हृदयात दोष दिसला, तर शंका येते. मग असे बारीक दोष शोधणारी गर्भजलाची मायक्रोअ‍ॅरे तपासणी. आईच्या रक्तावरून सगळे सांगतो म्हणणाऱ्या महागड्या चाचण्यांचेही मी गोडवे गाणार नाही. त्या चाळण्या आहेत, निदान नव्हे. दुर्मीळ दोषांत त्यांचे बरेच इशारे खोटे ठरतात, आणि तेवढ्यावर गर्भ पाडणे अघोरी आहे.

‘कळले की पाडणारच ना?’ हा आक्षेप वजनदार आहे. काही जणी तो निर्णय घेतील, तो त्यांचा. गर्भपात कायद्यातल्या 2021च्या दुरुस्तीनंतर गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या संमतीने चोवीस आठवड्यांनंतरही मार्ग आहे. पण जिला मूल हवेच आहे, तिला आधी कळले तर नवजात बाळाच्या हृदयावर शस्त्रक्रिया होते अशा शहरात बाळंतपण करता येते. तिला अंधारात ठेवून मुली वाचत नाहीत.

खरी अडचण उसाच्या फडात आहे. श्रावणात दिवस गेलेली ऊसतोड कामगार बाई विसाव्या आठवड्यात सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात तोडीवर असते. दवाखान्यासाठी एक दिवस गेला की खाडा, म्हणजे मजुरीतून कपात, आणि मुकादमाकडून आगाऊ उचल तर आधीच घेतलेली. लिंगनिदानाविरुद्धच्या धाडी जरूर चालू राहाव्यात. पण त्या सोनोग्राफीच्या दिवसाचा खाडा मुकादमाने कापू नये, याची हमी कारखान्याने द्यावी, तपासणी फडाजवळच्या सरकारी दवाखान्यात व्हावी, आणि गावी राहिलेल्या बाईसाठी समुपदेशन व गर्भजल काढण्याची सोय अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात असावी. नमुना तपासायला पुण्याला जाऊ शकतो. बाईला कशाला पाठवायचे?