रक्ताचा रिपोर्ट आणि तोंडातला चट्टा



हल्ली वस्त्यांमधून रक्ततपासणीची शिबिरे भरतात आणि 'लिपिड प्रोफाईल' नावाचा कागद हाती पडतो. त्यात कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराईड म्हणजे रक्तातल्या चरबीचे आकडे असतात. आकडा वाढला की माणूस घाबरतो, कमी निघाला की निर्धास्त होतो. आता रक्तातल्या याच चरबीवरून तोंडाचा कॅन्सर कळतो म्हणे, हे खरे काय, असे दोघातिघांनी आम्हाला विचारले. म्हणून हा लेख.

बोलण्यात तथ्य आहे, पण थोडे. अहमदाबादच्या गुजरात कॅन्सर संशोधन संस्थेतील अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. डोके, मान आणि तोंडाचा कर्करोग असलेल्या १८४ रुग्णांचे रक्त निरोगी माणसांच्या रक्ताशी ताडून पाहिले. रुग्णांमध्ये एकूण कोलेस्टेरॉल आणि ज्याला 'चांगले' म्हणतात ते एचडीएल, दोन्ही कमी आढळले. पुढे इतर ठिकाणीही असे अभ्यास झाले. सगळ्यांचे आकडे जुळत नाहीत, पण कोलेस्टेरॉल उतरल्याचे पुष्कळांना दिसले.

हे का होत असावे? शरीरातल्या प्रत्येक पेशीचे आवरण तयार व्हायला कोलेस्टेरॉल लागते. कर्करोगाच्या पेशी भराभर वाढतात, तेव्हा त्या रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घेत असाव्यात, हा एक तर्क. तंबाखूतील विषारी द्रव्ये शरीरातल्या चरबीची नासाडी करतात, हा दुसरा. आणि ज्याला तिखट सोसत नाही, भाकरी चावत नाही, त्याचे पोटात जाणारे अन्नच घटते, ही तर साधी गोष्ट आहे. आम्ही हिशेबाच्या वह्या लिहिणारे. दोन रकाने शेजारी आले म्हणून एक दुसऱ्याचे कारण ठरत नाही, हे आम्हाला नोकरीने शिकवले. शिवाय कोलेस्टेरॉल कमी असलेली पण धडधाकट माणसे कितीतरी असतात. कमी आकडा म्हणजे कॅन्सर नव्हे, आणि चांगला आकडा म्हणजे सुटका नव्हे. कर्करोगाचे निदान आजही संशयित जागेचा तुकडा काढून, म्हणजे बायोप्सी करूनच होते.

आमच्या ओळखीचे एक सफाई कामगार कोलेस्टेरॉल उतरले म्हणून खूश होते. पथ्य पाळल्याचा गुण, असे सर्वांना सांगत. गालाच्या आत पांढरा चट्टा होता, तो मात्र त्यांनी कोणाला दाखवला नाही. दाढ लागते म्हणून असेल, म्हणाले. आम्ही ओढून नेले तेव्हा डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला आणि बॅटरी पेटवली.

ही बॅटरीच खरी तपासणी. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेवकांनी, जे डॉक्टर नव्हते, लोकांची तोंडे नुसती पाहून तपासली. २००५ साली निष्कर्ष आला: तंबाखू किंवा दारूचे व्यसन असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. रक्ताचा एक थेंब न काढता!

तेव्हा आयाबायांनो, मशेरी लावता ना? तीही तंबाखूच आहे. खर्रा, मावा खाणाऱ्या तरुणांनी 'आमच्यात तंबाखू कमी असते' असे म्हणू नये. नुसती सुपारीही कर्करोग करते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ सालीच जाहीर केले. महाराष्ट्रात २०१२ साली गुटखाबंदी झाली, पुड्या तरी मिळतातच. पाचवे शील आपण दारूपुरते धरतो आणि विहाराच्या पायरीवर तंबाखू मळतो, हे आम्हाला पटत नाही.

महिन्यातून एकदा खिडकीशी आरसा धरून गाल, जीभ, जिभेखालची जागा, हिरड्या पाहा. पांढरा वा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, गाठ दिसली किंवा तोंडात तीन बोटे उभी जात नाहीशी झाली, तर थांबू नका. तिशीवरील माणसांची तोंडतपासणी सरकारी आरोग्य केंद्रात करण्याची योजना आहे. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. जाताना रिपोर्टची फाईल नसली तरी चालेल. तोंडातला बार थुंकून, चूळ भरून जावे.